बांध कोणी घातला? डार्टमूरच्या दगडी वाड्या आणि त्यांचे वाचन

आजचा विषय जरा लांबचा आहे. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, डेव्हन परगण्यात, डार्टमूर नावाचा उघडा डोंगराळ माळ आहे. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांनी बांधलेली घरे, कुंपणे आणि बांध त्या माळावर आजही दिसतात. दिसतात म्हणजे काय, तर कुठे गुडघाभर, कुठे वीतभर उंचीच्या दगडांच्या ओळी दिसतात. या ओळींवर अँड्र्यू फ्लेमिंग या पुरातत्त्वज्ञांनी 'द डार्टमूर रीव्ह्ज' हे पुस्तक लिहिले. पहिली आवृत्ती १९८८ ची, सुधारलेली २००८ ची. त्या पुस्तकाची आणि त्याच्या निमित्ताने एका वाचनपद्धतीची चिकित्सा आज आम्ही करणार आहोत.

इतक्या लांबचे पुस्तक कशाला, असे कुणी विचारेल. कारण त्यातला प्रश्न आपल्या फार ओळखीचा आहे. बांध कोणी घातला? प्रमुखाने हुकूम सोडला म्हणून पडला, गावाने बसून ठरवला म्हणून पडला, की दहा पिढ्यांनी आपापल्या सोयीने दगड टाकत टाकत तो तयार झाला? आणि जमिनीवरची नुसती रेघ पाहून यातले काय खरे हे सांगता येते का? आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे: रेघ पुष्कळ सांगते, पण ती कोणाच्या शब्दाने ओढली गेली हे सांगत नाही. फ्लेमिंग यांचे पुस्तक उत्तम आहे, आणि नेमके याच ठिकाणी ते पुराव्याच्या एक पाऊल पुढे जाते.

आधी जागा समजून घेऊ. डार्टमूर हे १९५१ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. क्षेत्रफळ सुमारे ९५४ चौरस किलोमीटर, सर्वांत उंच टोक ६२१ मीटर. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्मीही उंची नाही. पण अक्षांश उत्तरेचा, वारा अटलांटिकचा आणि पाऊस भरपूर. वर झाडी जवळजवळ नाही. गवत, झुडपे, दलदल आणि माथ्यामाथ्यावर ग्रॅनाइटचे सुळके. या सुळक्यांना तिथे 'टॉर' म्हणतात. सुळक्यांच्या उतारावर सुट्या दगडांचा खच पडलेला असतो. बांधकामाचे सामान दारातच.

त्या सामानातून प्रागैतिहासिक माणसाने गोल घरे बांधली. दोन्ही अंगांनी मोठे दगड उभे करायचे, मधे माती-खडी भरायची, आत तीन-चार मीटरची, कधी त्याहून मोठी गोल जागा ठेवायची. वर लाकडी खांबांच्या आधाराने निमुळते छप्पर, त्यावर गवत किंवा मातीसकट कापलेली हिरळ. दार बहुधा दक्षिणेच्या बाजूला, म्हणजे वारा पाठीशी आणि ऊन समोर. छप्पर गेले, भिंत ढासळली, दगडाचे कडे उरले. अशी सुमारे पाच हजार कडी डार्टमूरवर असल्याचा अंदाज आहे. काही एकटी आहेत, काही पुंजक्याने आहेत, आणि काहींना बाहेरून एकच दगडी आवार घातलेले आहे. शेरलॉक होम्सच्या 'बास्करव्हिल्स'च्या कुत्र्याची गोष्ट ज्यांनी वाचली असेल त्यांना आठवेल, होम्स माळावर ज्या दगडी खोपटात लपून राहतो ते खोपट याच जातीचे.

अशा आवारांपैकी सर्वांत प्रसिद्ध ग्रिम्सपाउंड. हूकनी टॉर आणि हॅमलडाउन या दोन उंचवट्यांच्या मधल्या खोलगट जागी, साधारण ४५० मीटर उंचीवर. आत २४ घरांची कडी, भोवती जाडजूड भिंत, कोंडलेली जागा दीड हेक्टरच्या आसपास, म्हणजे साडेतीन एकर. आवाराच्या एका कडेने ओढा जातो.

आता नावाकडे बघा. 'पाउंड' म्हणजे कोंडवाडा, भटकी जनावरे अडकवतात तो. आणि 'ग्रिम' हे अँग्लो-सॅक्सन लोकांच्या वोडन देवाचे दुसरे नाव. म्हणजे ज्यांना हे कोणी बांधले ते ठाऊक नव्हते, त्यांनी ते देवाच्या खात्यावर टाकले. आपल्याकडे नाही का, कोणी खोदले ते माहीत नसले की लेणी पांडवांनी एका रात्रीत खोदलेली असतात! १७९७ साली रिचर्ड पॉलव्हील या पाद्र्याने हे नाव छापले. पुढे शंभर वर्षे जो तो आपापले वाचन घेऊन आला. कुणाला तिथे ड्रुइड पुरोहित दिसले, कुणाला किल्ला दिसला, कुणाला कथिल धुणाऱ्यांची वसती दिसली, कुणाला नुसता गुरांचा वाडा दिसला.

ही वाचने तपासायची कशी? किल्ल्याचे घ्या. ग्रिम्सपाउंड खोलगट जागी आहे आणि मुख्य दरवाजा उंच डोंगराच्या बाजूला उघडतो. वर उभा राहिलेला माणूस आत दगड भिरकावू शकेल. लढण्यासाठी कुणी अशी जागा निवडत नाही. नुसता गुरांचा वाडा म्हणावे तर आत चुली आणि राख सापडलेली घरे आहेत. सगळीच घरे माणसांची म्हणावीत तर काहींत चुलीचा मागमूस नाही. ती कोठारे असतील, गोठे असतील. म्हणजे माणसे, जनावरे आणि साठवण एका आवारात. आपल्या भाषेत याला सरळ 'वाडी' म्हणता येईल. आम्ही आज हाच शब्द वापरणार आहोत, कारण त्यात घरेही येतात आणि कुंपणही येते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी लागते. १८९४ साली 'डार्टमूर एक्स्प्लोरेशन कमिटी'ने ग्रिम्सपाउंड उकरले. सबीन बेअरिंग-गूल्ड आणि रॉबर्ट बर्नार्ड ही त्यातली ठळक नावे. उत्साही माणसे, कष्टाळू माणसे. पण त्यांनी नुसते उकरले नाही, डागडुजीही केली. पडलेली भिंत काही ठिकाणी पुन्हा रचली. त्यावर त्या काळीही टीका झाली. आज पर्यटक जी भिंत पाहतो, तिच्यात कांस्ययुगाचा दगड आणि व्हिक्टोरियन काळातली रचना अशी सरमिसळ आहे. तेव्हा 'डोळ्यांनी दिसते ना, मग झाले' असे इथे म्हणता येत नाही. दिसणारी भिंतसुद्धा कुणाच्या तरी वाचनातून गेलेली असते.

दुसरी अडचण मातीची. डार्टमूरची माती आम्लधर्मी. तिच्यात हाड टिकत नाही. सांगाडे नाहीत, गुरांची हाडे नाहीत, खापरे मिळतात ती थोडी आणि चुरा झालेली. आपल्या दख्खनमधल्या उत्खननात हाडांचे, धान्याचे, मडक्यांचे ढीग सापडतात. तिथे तसे काही नाही. म्हणून सगळा भार दगडांच्या ओळींवर येतो. पुराव्याची एक बाजू मुकी झाली की उरलेल्या बाजूकडून आपण जास्त बोलवून घेतो. हा मोह पुढे लक्षात ठेवा.

आता मूळ विषयावर येऊ, म्हणजे 'रीव्ह'वर. डार्टमूरच्या लोकांच्या बोलीतला हा शब्द. अर्थ, दगडमातीचा बुटका लांबट बांध. कोकणातला माणूस म्हणेल गडगा, देशावरचा म्हणेल ताल. माळावर असे बांध मैलोन् मैल जातात. एकोणिसाव्या शतकातल्या हौशी अभ्यासकांना ते दिसले होते आणि ते प्राचीन असावेत असेही त्यांतल्या काहींना वाटले होते. पण कुणी त्यांना जुने रस्ते समजले, कुणी मध्ययुगीन कुंपणे. पुढे पुढे तर नामांकित जाणकारांनीच ते मोडीत काढले आणि विषय मागे पडला. १९६८ साली एलिझाबेथ गॉन आणि जॉन सोमर्स कॉक्स यांनी समांतर रीव्ह्जवर लेख लिहून तो पुन्हा वर काढला. मग १९७० च्या दशकात फ्लेमिंग माळावर उतरले.

त्यांना काय दिसले? हे बांध सुटे नाहीत. एकमेकांना समांतर जाणाऱ्या बांधांचे मोठमोठे पट्टे आहेत, आडव्या बांधांनी त्यांची शेते पाडलेली आहेत, आणि वरच्या टोकाला एक शेवटचा बांध सगळ्या पट्ट्यांना अडवतो. त्याच्या पलीकडे मोकळे कुरण. डार्ट नदीच्या दोन शाखा जिथे मिळतात त्या डार्टमीटच्या परिसरातला एकच पट्टा तीन हजार हेक्टरच्या घरात जातो. माळाच्या पश्चिमेचा 'ग्रेट वेस्टर्न रीव्ह' हा एकच बांध दहा किलोमीटरहून लांब आहे. काळ इसवी सनापूर्वी १६०० च्या आगेमागे.

आणि सर्वांत नवलाची गोष्ट. हे समांतर बांध जमिनीचा चढउतार जुमानत नाहीत. समोर दरी आली तर दरीत उतरतात, नदी ओलांडतात, पलीकडे त्याच दिशेने चढतात. शेतकरी एरवी असे करत नाही. तो उताराला धरून बांध घालतो, पाणी बघतो, माती बघतो. इथे दिशा आधी ठरली आहे आणि जमीन नंतर विचारात घेतली आहे.

यावरून फ्लेमिंग यांनी युक्तिवाद उभा केला. एवढ्या विस्तारावर एकच दिशा, म्हणजे आधी आराखडा असणार. आराखडा म्हणजे सामुदायिक निर्णय. आणि या सगळ्या विस्तारात राजवाडा नाही, प्रमुखाचे म्हणावे असे डोळ्यांत भरणारे घर नाही. घरे आहेत ती बांधांच्या मधे पुंजक्या-पुंजक्याने. त्या पुंजक्यांत त्यांना शेजाऱ्यांचे गट दिसले. तेव्हा हा निर्णय वरून आलेला नाही, समाजाने मिळून घेतला, सामायिक जमीन मिळून वाटली, असे त्यांचे प्रतिपादन.

त्या काळच्या युरोपीय पुरातत्त्वात याचे मोल मोठे होते. कांस्ययुग म्हटले की सरदार, खंजीर, सोन्याचे दागिने आणि थडगी हीच चर्चा चालायची. फ्लेमिंग यांनी नजर थडग्यावरून शेतावर आणली. मेलेल्या सरदाराऐवजी जिवंत शेतकऱ्याला प्रश्न विचारला. शिवाय पुस्तक लिहिले आहे ते पायांनी. धुक्यात बांध हरवतो कसा, झुडपात तो परत सापडतो कसा, नकाशावर न दिसणारी ओळ तिरप्या उन्हात उमटते कशी, हे सगळे त्यात आहे. शोध कसा लागला हे वाचकापासून लपवलेले नाही. पुरातत्त्वावरच्या पुस्तकांत हे फार वेळा मिळत नाही. म्हणून आम्ही ते वाचा असे आग्रहाने सांगू.

आता आक्षेप. पहिला आक्षेप खुद्द फ्लेमिंग यांच्या खोदकामातून निघतो. होन मूर येथे त्यांनी बांध कापून पाहिला तेव्हा दगडी बांधाच्या खाली लाकडी कुंपणाच्या मेखांच्या खुणा निघाल्या. म्हणजे दगडाच्या आधी लाकूड होते. जे आज एक वस्तू म्हणून दिसते, ते दोन काळांचे काम आहे. मग एका ठिकाणी दोन टप्पे असतील, तर तीन हजार हेक्टरमध्ये किती?

दुसरा आक्षेप रॉबर्ट जॉन्स्टन यांचा, २००५ सालचा. त्यांचे म्हणणे, आकृती दिसली म्हणून आराखडा होताच असे नाही. गुंतागुंतीची सुबक मांडणी पिढ्यान् पिढ्यांच्या छोट्या छोट्या कृतींतूनही तयार होते. हे समजायला आपल्याला डेव्हनला जायला नको. भावाभावांत वाटणी होते तेव्हा नवा बांध कसा पडतो? जुन्या बांधाला धरून. कारण जुना बांध सगळ्यांना मान्य असतो, त्याला समांतर मोजले की तंटा कमी. मग त्यांच्या मुलांची वाटणी, तीही त्याच दिशेने. शंभर वर्षांनी वरून फोटो काढला तर समांतर पट्ट्यांचे देखणे शिवार दिसते. ते कुणी आखले? कुणीच नाही आणि सगळ्यांनी.

पण जॉन्स्टन यांचे म्हणणे घेतले म्हणजे फ्लेमिंग संपले, असे आम्ही मानत नाही. भावकीच्या वाटणीतून पट्टे पडतात हे खरे, पण भावकीची वाटणी नदीपलीकडच्या डोंगरावर त्याच दिशेने का जावी? तिथे दुसरे लोक, दुसरी माती. दिशा सांभाळायची तर ती कुणाकुणाला मान्य असावी लागते. तेव्हा आमचा कौल असा: दिशा हा एक व्यापक संकेत होता, आणि त्या संकेताच्या आत भरणी हळूहळू झाली. एका बैठकीत ठरलेला नकाशा मानण्याइतका पुरावा नाही. नुसता योगायोग मानण्याइतकी आकृती विस्कळीतही नाही.

आणि 'कोणी' या प्रश्नाचे काय? इथे आमचा खरा मतभेद आहे. प्रमुखाचे घर दिसत नाही, म्हणून प्रमुख नव्हता, हे अनुमान त्या मातीत टिकत नाही. जिथे हाडे विरघळली, लाकूड कुजले, कातडे-कापड काहीच उरले नाही, तिथे मोठेपणाच्या खुणा उरतील अशी अपेक्षा कशी करायची? ज्याच्या दारी गुरे जास्त तो मोठा, अशी रीत असेल, तर गुरे गेली की मोठेपणही गेले. दगड तेवढे मागे राहिले, आणि ते सगळ्यांच्या घराचे सारखेच.

याची उलट बाजू आपल्या घरात आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले. वसतीचा काळ इसवी सनापूर्वी १६०० ते ७००, म्हणजे डार्टमूरच्या बांधांना समांतर. धवलीकर, सांकलिया आणि अन्सारी यांचा अहवाल प्रसिद्ध झाला तो १९८८ साली, फ्लेमिंग यांचे पुस्तक आले त्याच वर्षी. या दोन ठिकाणांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तसे कुणी समजू नये. पण तर्क शेजारी ठेवून बघण्यासारखा आहे. इनामगावला पाटाचे आणि बंधाऱ्याचे मोठे सार्वजनिक काम सापडले. धवलीकरांनी त्यावरून म्हटले, असे काम करवून घ्यायला कुणी अधिकारी पुरुष हवा, म्हणजे प्रमुख होता. डार्टमूरला बांधांचे मोठे सार्वजनिक काम सापडले. फ्लेमिंग म्हणाले, असे काम समाजाने मिळून केले. जात एकाच पुराव्याची, निष्कर्ष उलटे!

न्याय करायचा तर इनामगावची बाजू जास्त भक्कम आहे. तिथे अनेक खोल्यांचे मोठे घर आहे, त्याच्या शेजारी कोठार आहे, दफने आहेत. तर्क एका पायावर उभा नाही. डार्टमूरला तो एकाच पायावर उभा आहे, आणि तो पाय म्हणजे काहीतरी न सापडणे.

मग बांध काहीच सांगत नाहीत का? सांगतात, पण जवळ जाऊन विचारावे लागते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात डार्टमूरच्या नैऋत्य कडेला शॉ मूर येथे चिनी मातीच्या खाणी वाढत होत्या. त्या आधी जेफ्री वेनराइट यांच्या नेतृत्वाखाली तिथे मोठे खोदकाम झाले. एका वाडीच्या दगडी आवाराला प्रवेशद्वारच सापडले नाही. आत घरे, भोवती अखंड भिंत. म्हणजे माणसे ती ओलांडून जात-येत असणार, आणि जनावरे बाहेर असणार. कोंडवाडा म्हणून ज्याला नाव पडले त्या जातीचे हे आवार जनावरांना आत कोंडण्यासाठी नव्हते, बाहेर ठेवण्यासाठी होते!

आणि तिथेच एका बांधालगतच्या चरात, चिखलात उमटलेले खुरांचे ठसे टिकून राहिले होते. गाईगुरांचे, मेंढरांचे, घोड्याचे. ज्या मातीने हाडे खाल्ली तिने पावले सांभाळली. त्या बांधाच्या कडेने जनावरे चालली हे आपल्याला आता अनुमानाने सांगावे लागत नाही. फ्लेमिंग यांच्या पुस्तकाबद्दल आमची तक्रार असलीच तर ती ही आहे: त्याचा जीव लांब रेघांत आहे. घरांचे पुंजके येतात, त्यांच्यावर लिहिलेही आहे, पण ते रेघेच्या अनुषंगाने. प्रत्यक्षात उत्तरे देण्याची शक्यता रेघेपेक्षा वाडीत जास्त आहे. चूल कुठे होती, कोणते घर आधीचे, भिंत कोणत्या बाजूने ओलांडली जाई, यांतून माणसांचे आपसातले नाते हळूहळू कळेल.

शेवटी, यात आजच्या माणसाचे काय अडले आहे ते सांगतो. डार्टमूरचा मोठा भाग आजही 'कॉमन' आहे. जमिनीला खाजगी मालक आहे, पण त्यावर गुरे-मेंढरे चारण्याचा हक्क आसपासच्या हक्कदार शेतकऱ्यांना आहे. लोकांनी तिथे पायी आणि घोड्यावरून फिरण्याचा हक्क १९८५ च्या डार्टमूर कॉमन्स कायद्यात आहे. त्या कायद्यानुसार मालकाच्या परवानगीशिवाय माळावर तंबू ठोकून रात्र काढता येते का, यावर खटला झाला आणि मे २०२५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की येते. ज्या माळावर आज असा वाद पेटतो, तिथे 'ही जमीन साडेतीन हजार वर्षे सगळ्यांचीच होती' हे वाक्य नुसते इतिहासाचे राहत नाही. ते साक्षीला उभे राहते. उलट बाजूचा माणूस तोच बांध दाखवून म्हणेल, बघा, तेव्हाच जमीन वाटून कुंपण घातले होते.

आमची सहानुभूती चालणाऱ्याच्या आणि चारणाऱ्याच्या बाजूला आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणूनच आम्ही म्हणतो, त्यांच्या हक्काला कांस्ययुगाचा टेकू देऊ नये. तो हक्क कायद्यावर आणि आजच्या न्यायबुद्धीवर उभा राहू शकतो, राहिला आहे. उद्या एखाद्या खोदकामात प्रमुखाचे मोठे घर निघाले, तर काय चरण्याचा हक्क रद्द करायचा? बांधाला सातबारा समजले की पुरातत्त्वाचेही नुकसान होते आणि हक्काचेही.

तेव्हा पुस्तक जरूर वाचा. वाचताना त्यातल्या रेघांवर विश्वास ठेवा, त्या पायांनी मोजलेल्या आहेत. 'समाजाने ठरवले' असे वाक्य आले की तिथे क्षणभर थांबा आणि विचारा, हे दगडाने सांगितले की लेखकाने? फ्लेमिंग यांनी आपला शोध इतक्या मोकळेपणाने मांडला आहे की हा प्रश्न विचारण्याची सोय त्यांच्याच पुस्तकात झाली आहे. इथे थांबतो. आता आपले प्रश्न घेऊ.